इवायाचा माऊथपीस

आमच्या दाजींचे वरचे दात पुढे आहेत. आक्काच्या लग्नाआधी मी त्यांना पहिल्यांदा पाहून आलो आणि घरी सांगितलं, "पोरगा वाजवतो झकास, फक्त फोटोत हसू नको म्हणा." आईने तेव्हा हातातलं लाटणं माझ्या दिशेने फेकलं होतं. पुढे कळलं की आक्काचा संसार त्या दातांवरच उभा आहे, तेव्हा मी त्याबद्दल बोलणं सोडलं. म्हणजे आक्कासमोर बोलणं सोडलं.

दाजींचं नाव आश्रुबा. झरीत त्यांचा बँड आहे आणि ते स्वतः क्लारनेट वाजवतात. मी बजरंग, येलदरीचा, त्यांचा मेव्हणा. एरवी शेती करतो आणि लग्नसराई आली की दाजींच्या बँडात मोठा ढोल गळ्यात अडकवतो. ढोल वाजवायला अक्कल लागत नाही, असं दाजींचं मत आहे. क्लारनेट वाजवायला ती लागते, असं माझंही मत होतं. माझ्या भाचीच्या, भक्तीच्या लग्नात ते मत मोडीत निघालं.

आधी क्लारनेटचं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं सगळं येडेपणाचं वाटेल. तसं ते आहेच, पण का ते तरी कळेल.

क्लारनेटच्या वरच्या टोकाला काळा माऊथपीस असतो, बदकाच्या चोचीसारखा उतरता. त्याच्या खालच्या अंगाला रीड, म्हणजे बोरूची पातळ पट्टी, बांधलेली असते. वाजवणाऱ्याने खालचा ओठ रिडीला लावायचा, वरचे दात चोचीवर टेकवायचे आणि फुंकायचं. ओठ नेमका लागला तर सूर येतो. जरा इकडे-तिकडे झाला की वाद्य किंचाळतं. त्या किंचाळण्याला आम्ही 'चीं' म्हणतो आणि तिचं नाव चारचौघांत काढत नाही.

आता ओठ नेमका कुठे लागेल, हे ज्याच्या त्याच्या जबड्यावर. दाजींचे वरचे दात पुढे, खालचा जबडा मागे. त्यामुळे त्यांना क्लारनेट पोटाशी धरावं लागतं, भोंगा, म्हणजे खालचं रुंद तोंड, जमिनीकडे. वरातीत ते पुढे चालतात तेव्हा रस्त्यात कुणाचं काहीतरी पडलंय आणि ते शोधायलेत असं वाटतं. इतक्या वर्षांत त्यांच्या माऊथपीसवर त्यांच्या दोन दातांच्या दोन खाचा पडल्या आहेत. शिवाय दाजींनी पॉलिश पेपरने घासून घासून चोचीचा उतार आपल्या तोंडापुरता करून घेतला होता.

आणि पालमचे लिंबाजी, भक्तीचे होणारे सासरे, यांचं सगळं बरोबर उलटं. त्यांचाही बँड, तेही क्लारनेट वाजवणारे. पण त्यांचा खालचा जबडा पुढे. हनुवटी आधी येते, लिंबाजी नंतर. त्यामुळे त्यांचं क्लारनेट वर, भोंगा आभाळाकडे. ते वाजवायला लागले की तारेवरचे पारवे उठून दुसऱ्या गल्लीत जाऊन बसतात.

लोक मात्र जबडा बघत नाहीत. लोक म्हणत, आश्रुबा लय गरीब माणूस, खाली मान घालून वाजवतो. आणि लिंबाजी लय ताठ, पाहुण्याकडे बघत पण नाही. खरं सांगतो, दोघेही सारखेच हेकट आहेत. फरक फक्त दातांचा.

तर लिंबाजींच्या बालाजीशी भक्तीची सोयरीक जमली. पोरगा चांगला, परभणीत मोबाईल दुरुस्त करतो, बोलायला मऊ. साखरपुडा झरीत झाला. टोपी-टॉवेल झाले, आता पंगत बसायची, एवढ्यात लिंबाजी उठून उभे राहिले. त्यांना चार माणसं दिसली की उभं राहायची सवय आहे.

"टावेल-टोपी तर कुनीबी देतंय," ते म्हणाले. "पन आमी बँडवाले. आमचा आहेर येगळा पायजे." आणि त्यांनी पिशवीतून क्लारनेट काढलं, त्याचा माऊथपीस पिळून वेगळा केला आणि वर धरला. त्याला चांदीची बारीक पट्टी बसवलेली होती, ती उन्हात चमकली. "ह्यो माझ्या तोंडातला घास हाय. ह्यो मी माझ्या इवायाला देतो. इवायानं त्याचा मला द्यावा. अन् लग्नाच्या दिवशी शिवेवर मी त्यांच्या माऊथपीसवर वाजवनार, ते माझ्या. बोला, कबूल?"

इवाई म्हणजे व्याही. मांडवात असा टाळ्यांचा कडकडाट झाला की विचारू नका. दोन्हीकडचे बँडवाले डोळे पुसायला लागले. चपला नाही बदलल्या, टोप्या नाही बदलल्या, तोंडातली वस्तू बदलली, असं प्रेम कुणी पाहिलं होतं का! एकालाही सुचलं नाही की चपलेचं माप असतं, तसं याचंही असतं. फक्त आक्का माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "उष्टं कामून देयलेत रे एकमेकाला? धुऊन तरी द्या म्हन."

दाजींनी आपला माऊथपीस काढून दिला. देताना त्यांचा हात किंचित मागे आला, तो मी पाहिला. पण नवरीचा बाप भर मांडवात नाही कसं म्हणणार?

आता ही शिवेची भानगड काय, ते सांगायला हवं. बँडवाल्यांच्या घरात लग्न असलं की आमच्याकडे एक जुनी रीत आहे. नवरदेवाची मंडळी गावाच्या शिवेवर आली की नवरीच्या बापाने स्वतः पुढे होऊन सलामी द्यायची. म्हणजे क्लारनेटवर एकच लांब सूर धरायचा आणि तो न तोडता भोंगा हळूहळू खाली नेत नवरदेवाच्या बापाच्या पायांपर्यंत आणायचा. मग नवरदेवाचा बाप ताठ उभा राहून आपल्या क्लारनेटवर उत्तर देतो. सलामीत चीं झाली तर अपशकुन. अपशकुन एक वेळ परवडला, पण सासर क्लारनेटवाल्यांचं असलं की ती चीं पोरीचा जन्मभर पिच्छा सोडत नाही. आमच्या नात्यातल्या एकाची अशीच झाली होती. त्याच्या लेकीला आता नातवंडं झाली, तरी सासरी तिला चिमणी म्हणतात.

दाजींनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नांत पोटासाठी हजार जणांपुढे क्लारनेट वाकवलं. खाली वाजवणं हा त्यांच्या हातचा मळ. त्यामुळे भक्तीच्या सलामीची त्यांना कधी धास्ती नव्हती, उलट ते त्या दिवसाची वाट पाहायचे. "असा सूर धरीन, बजरंग," ते मला म्हणायचे, "की पोरीचं नाव निघंल पालममदी."

साखरपुड्याची मंडळी गेली आणि दाजींनी लिंबाजींचा माऊथपीस लावून फुंकर मारली.

चीं.

गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. दाजींनी रीड बदलली. चीं. रीड भिजवली, खरवडली, पुन्हा बांधली. चीं. शेजारच्या म्हातारीने भिंतीवरून विचारलं, "कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडला का गं कुनाचा?"

निदान केलं ते भक्तीने. लहानपणापासून बापाच्या रिडी तीच पाण्यात भिजवून ठेवायची, तिला त्या वाद्याची नाडी माहीत. तिने माऊथपीस उजेडात धरून पाहिला. "बाबा, ह्याच्यावर त्यांच्या दाताच्या खाचा हायत. तुमचे दात त्यात बसंनात. अन् उतार बी त्यांच्या जबड्याचा." मग तिने बापासमोर उभं राहून एका हाताने क्लारनेटचा भोंगा वर उचलला आणि दुसऱ्या हाताने बापाची हनुवटी वर केली. "आता वाजवा."

सूर आला. आणि काय सूर! स्वच्छ, मोकळा, घंटेसारखा. दाजी स्वतःच दचकले. भक्तीने हात काढला, भोंगा सवयीने खाली आला, आणि चीं.

म्हणजे हिशोब सरळ होता. लिंबाजींच्या माऊथपीसवर सूर हवा तर क्लारनेट आभाळाकडे. सलामी द्यायची तर क्लारनेट पायांकडे.

पुढचे दिवस आम्ही जे प्रकार केले ते सांगायला मला लाज वाटत नाही, कारण ते दाजींनी केले. मी फक्त सुचवले. मी म्हणालो, भोंगा तोंडासमोर सरळ धरा आणि कमरेतून वाका, म्हणजे आपोआप खाली जाईल. दाजी वाकले. सूर आला, पण पोट दुमडल्यामुळे वारा संपला आणि दाजी तसेच पुढे माझ्या अंगावर आले. मी म्हणालो, गुडघे टेका. गुडघे टेकले तर भोंगा माझ्या पोटात लागला. मी म्हणालो, नवा माऊथपीस आणू बाजारातून, कोण बघतंय? तर दाजी डोळे वटारून म्हणाले, "चांदीची पट्टी सगळ्या पालमनं बघितलीय. जबान दिलीय मी." दाजींनी जबान दिली नव्हती. लिंबाजींनी दोघांच्या वतीने दिली होती. पण दाजींना तसं सांगून काही उपयोग नव्हता.

रोज सकाळी ते परसात उभे राहत आणि रोज चीं होई. जेवण कमी झालं. एकदा मला म्हणाले, "बजरंग, माझ्या पोरीला लोक चिमणी म्हनतील रे." म्हणून मी ठरवलं, पालमला जायचं आणि काहीतरी निमित्त काढून माऊथपीस परत आणायचा.

नवरदेवाच्या कोटाचं माप हे निमित्त. एसटीने परभणी, तिथून गंगाखेड, तिथून पालम, असा मी दुपारी लिंबाजींच्या दारात पोहोचलो. लिंबाजींच्या मंडळी, पार्वतीबाई, ओट्यावर मिरच्या निवडत होत्या. मी टेकलो, पाणी प्यालो, आणि घरामागून आवाज आला.

चीं.

"कोंबडी धरायलंय का कुनी?" मी विचारलं.

पार्वतीबाईंनी मिरचीचं देठ मोडलं. "कोंबडी कशाची, मामा. इवायाचं प्रेम हाय ते. साखरपुड्यापसून चालू हाय."

मी उठून भिंतीच्या कोपऱ्यावरून डोकावलो. लिंबाजी, ज्यांची हनुवटी साऱ्या तालुक्याला सलाम करायला लावते ते लिंबाजी, भिंतीकडे तोंड करून, मान छातीत खुपसून, क्लारनेट पोटाशी घेऊन उभे होते. तसं केलं की सूर येत होता. मान जरा वर झाली की चीं. दाजींच्या खाचांनी त्यांना नाकी नऊ आणले होते.

मला पाहताच त्यांनी क्लारनेट पाठीमागे लपवलं. मान मात्र सरळ होईना, तशीच वाकडी घेऊन ते माझ्याकडे आले. अंगाला बामचा वास.

"मामा! लय गोड माऊथपीस बगा तुमच्या दाजीचा. कळवा त्यास्नी."

"कळवतो की. दाजी बी लय खूश हायत. सोडतच न्हाईत तुमचा."

"व्हय का?" लिंबाजींच्या चेहऱ्यावर थोडी आशा होती, ती विझली. "मग झकास."

निघताना पार्वतीबाई दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडं बी असंच चालू हाय ना?" मी मान हलवली. "मग तुमीच मागा की परत. वरबापानं दिलेला आहेर परत मागायचा म्हनल्यावर जग काय म्हनंल?"

मला वाटलं, आता काम झालं. झरीत येऊन मी दाजींना सगळं सांगितलं, अगदी बामसकट. दाजी खदखदून हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मग म्हणाले, "मग मागू दे त्यास्नी. आपुन पोरीकडचे. आपुन मागितला तर म्हनतील, नवरीच्या बापाला आमची वस्तू गोड लागली न्हाई. पोरीला रोज ऐकावं लागंल."

"दाजी, तिकडं त्यांची मान मोडायली अन् हिकडं तुमची झोप. दोघंबी मूग गिळून बसलाव. आता कुनी बोलायचं?"

"त्यांनी."

मी ढोलावर एक जोराची टिपरी मारली आणि जेवायला निघून गेलो.

शेवटी तोड काढली ती मीच. इतकी साधी की माझं मलाच कौतुक वाटलं. दाजींचं क्लारनेट खाली जात नाही ना? मग लिंबाजींचे पायच वर आणायचे! शिवेवर एक टेबल मांडायचं, वर जाजम टाकायचं आणि मानाने लिंबाजींना त्यावर उभं करायचं. दाजींनी आपला भोंगा वर धरला की तो बरोबर त्यांच्या पायांशी. लिंबाजींना वरून खाली वाजवायचं, म्हणजे त्यांचीही मान सुटली. कुणी कुणाला काही बोलायला नको. भक्तीला सांगितलं तर ती म्हणाली, "मामा, टेबल मजबूत बघा."

लग्नाच्या दिवशी सकाळी मंडपवाल्याचं सगळ्यात मोठं टेबल शिवेवर नेलं. दाजींचं घर गावाच्या तोंडालाच आहे, गच्चीवरून शीव दिसते. गच्चीवर बायका आणि त्यांच्यात पिवळ्या साडीतली भक्ती उभी होती. ऊन चढलं आणि पालमचे टेम्पो आले. बालाजी फेटा बांधून उतरला. पाठोपाठ लिंबाजी, नवा कोट, हातात क्लारनेट, क्लारनेटवर दाजींचा जुना, खरवडलेला माऊथपीस. त्यांची मान अजून जराशी डावीकडेच होती.

"इवाई, मानाची जागा," मी पुढे होऊन टेबलाकडे हात केला.

लिंबाजींनी टेबलाकडे पाहिलं, मग खाली, मग दाजींकडे. शपथेवर सांगतो, त्यांना सगळं एका क्षणात समजलं, कारण ते एकदम खुलले आणि टुणकन वर चढले.

शिवेवरच्या रानाला आदल्या दिवशी पाणी दिलेलं होतं. काळी माती. टेबलाचे पुढचे दोन पाय सावकाश, एकही आवाज न करता, आत गेले. लिंबाजी वर उभे, तसेच पुढे कलत निघाले. कोणीतरी ओरडलं, बालाजीने बापाला कमरेला धरून खाली उतरवलं, फेटा सुटला. "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," लिंबाजी कोट झटकत म्हणाले, "मी जमिनीवरच बरा हाय." पण त्यांचा चेहरा पडला होता. माझाही.

आता दुसरा इलाज नव्हता. दाजी पुढे झाले. चांदीची पट्टी चमकली.

दाजींनी सूर धरला, तोंडासमोर, सरळ. छान लागला. मग रीतीप्रमाणे भोंगा हळूहळू खाली यायला लागला. एक वीत आला असेल, सूर पातळ झाला. मला ढोलाच्या मागून ऐकू येत होतं, ती चीं आत कुठेतरी येऊन उभी होती. दाजींच्या कपाळावरची शीर फुगली. मी टिपरी उचलली. म्हटलं, चीं झालीच तर असा ठोका देईन की दोन्ही गावं बहिरी होतील.

तेवढ्यात दाजींची नजर गच्चीकडे गेली. भक्ती कठड्याशी येऊन उभी होती. तिने नुसती आपली हनुवटी वर केली, परसात बापाची केली होती तशी.

आणि दाजींनी क्लारनेट वर उचललं. पायांकडे जायचं ते वर, इवायाच्या डोक्याच्याही वर, उघड्या आभाळाकडे. तो सूर असा सुटला की मी उचललेली टिपरी खाली घेतली. बावीस-पंचवीस वर्षं मी त्या माणसाच्या मागे ढोल वाजवतोय, पण लोकांपुढे वाजवताना त्यांचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

लोकांत मात्र कुजबूज सुरू झाली. पालमचा एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "ह्यो नवरीचा बाप हाय का फौजदार?" नवरीच्या बापाने इवायासमोर मान ताठ करून वाजवायचं! आता लिंबाजी काय उत्तर देतात त्यावर सगळं होतं. रुसून टेम्पोत जाऊन बसले असते तरी कुणी त्यांना चूक म्हटलं नसतं.

लिंबाजींनी क्लारनेट तोंडाला लावलं. डोळे मिटले. मग त्यांची ती साऱ्या तालुक्यात गाजलेली हनुवटी हळूच छातीत गेली, मान खाली आली, खांदे खाली आले आणि भोंगा नेमका दाजींच्या पायांशी जाऊन थांबला. सूर आला. भरदार, एक चीं नाही. वरून दाजींचा, खालून लिंबाजींचा. दोन्ही सूर मिळाले आणि कितीतरी वेळ तसेच राहिले.

"वरबाप वाकला," एक बाई म्हणाली. मग सगळे एकदमच बोलायला लागले. मोबाईल वर निघाले. गर्दीत फक्त पार्वतीबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि बाकीच्यांना वाटलं त्या रडतायत.

पंगतीत तोच फौजदारवाला म्हातारा उठला आणि त्याने भाषण केलं. म्हणे आज लिंबाजींनी नवी रीत घातली, पोराच्या बापाने पोरीच्या बापापुढे नमायचं, असा मोठा माणूस मराठवाड्यात झाला नाही. लिंबाजी गंभीरपणे मान डोलवत होते. डोलवता येत होती तेवढी. दाजी ताटाकडे बघत होते आणि मला हसू आवरेना म्हणून मी पाण्याचा तांब्या घेऊन वाढायला उठलो.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पाठवणी राहिली होती.

ऊन उतरलं आणि जीप दारात लागली. भक्ती आक्काच्या गळ्यात पडली, मग माझ्या. मग बँड उभा राहिला. आपल्या पोरीच्या पाठवणीला बापानेच वाजवायचं, हेही आमच्याकडे ठरलेलं. दाजींनी क्लारनेट तोंडाला लावलं आणि पाठवणीची चाल धरली.

दोन ओळी वाजल्या आणि भक्तीने बापाच्या पायांवर डोकं ठेवलं. दाजींची मान खाली गेली. आपसूक जाते हो माणसाची. आणि मान खाली गेली तसा सूर घुसमटला. दाजींनी झटक्याने मान वर केली, सूर पुन्हा लागला. डोळे भरलेले, आणि मान वर. पुन्हा खाली गेली, पुन्हा सूर अडकला, पुन्हा वर. पोटची पोर पायाशी, आणि त्या माणसाला खाली बघता येईना. मला राग आला, त्या माऊथपीसचा, त्या आहेराचा, या दोन हेकटांचा.

लिंबाजी जीपजवळ उभे होते. बाकी कुणाला काही कळलं नसेल, पण त्यांना कळलं. ते सरळ गर्दीतून पुढे आले. चालता चालता त्यांनी आपल्या क्लारनेटचा माऊथपीस पिळून काढला, नव्या कोटाच्या बाहीने पुसला आणि दाजींपुढे धरला.

"घ्या, इवाई. तुमचा घ्या."

दाजींनी वाजवणं थांबवलं. सगळे बघायला लागले. वरबाप दिलेला आहेर परत करत होता, तोही भर दारात.

"माझ्या माऊथपीसवर रडता येत न्हाई," लिंबाजी म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. "मला म्हाईत हाय. दोन पोरी वाटं लावल्या मी त्याच्यावर. दोन्ही टायमाला लोक म्हनले, बापाच्या डोळ्यात टिपूस न्हाई, लय ताठ मानूस. तुमी खाली बघून वाजवा. बघा तिच्याकडं."

दाजींनी चांदीच्या पट्टीचा माऊथपीस काढून लिंबाजींच्या हातात दिला आणि आपला बसवला. दोन खाचांत दोन दात गेले. मान खाली आली, क्लारनेट पोटाशी आलं, आणि भक्तीच्या डोक्यावर वाकून दाजींनी ती चाल पुन्हा पहिल्यापासून धरली. त्यांच्या नाकावरून पाणी टपटप माऊथपीसवर पडत होतं आणि सूर तसूभर हलला नाही.

"मान मोडली माझी साखरपुड्यापसून," लिंबाजी माझ्याकडे वळून पुटपुटले, आणि आपला माऊथपीस लावून तेही साथीला उभे राहिले. तोंड आभाळाकडे, भोंगा तारांकडे. पालमची माणसं म्हणत होती, बघा, आता झाले पुन्हा ताठ.

मी त्यांच्या शेजारीच होतो, म्हणून मला दिसलं. लिंबाजींच्या डोळ्यांतलं पाणी गालावर येतच नव्हतं. ते कडेने वाहून दोन्ही कानांत जात होतं. मी टिपरी खिशात घातली आणि त्या चालीला ढोल वाजवलाच नाही.